घोड्यावर लावला तर शौकीन, आकड्यावर लावला तर आरोपी

सांगली-मिरजेच्या दैनिकांत आतल्या पानावर एक बातमी वर्षानुवर्षे जवळपास त्याच शब्दांत छापून येते. टपरीच्या आडोशाला किंवा पत्र्याच्या शेडमध्ये मटका घेताना अमुक जण ताब्यात. रोख रक्कम, मोबाईल, आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि पेन असा मुद्देमाल जप्त. (पेन कधीच सुटत नाही.) खाली नावे, वये आणि वस्तीचे नाव. जप्त रक्कम बऱ्याचदा एवढी किरकोळ असते की डॉक्टरांच्या या गावात तेवढ्यात एका पेशंटच्या तपासण्याही होणार नाहीत.

त्याच दैनिकाच्या क्रीडा पानावर ऑगस्ट २०२५ पर्यंत भारतीय क्रिकेट संघाचे फोटो यायचे आणि खेळाडूंच्या छातीवर 'ड्रीम इलेव्हन' हे नाव असायचे. पैसे भरून आपला संघ लावायचा, अंदाज आणि नशीब जुळले तर पैसे मिळायचे, नाही तर गेले. तिथे हरणाऱ्यांची नावे, वये, वस्ती असे काही कधी छापून आले नाही.

आमच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न आम्ही मुलांसमोर ठेवतो: कायदेशीर जुगार खेळणारा आणि बेकायदेशीर जुगार खेळणारा, यांच्यात फरक काय? येणारे उत्तर ठरलेले असते. पहिला शिकलेला, ऐपतीत खेळणारा, करमणूक म्हणून खेळणारा. दुसरा व्यसनी, कामचुकार, गुन्हेगारी वृत्तीचा. हे उत्तर सदाशिव पेठेतून आले असते तर त्यावर लेख लिहायची गरज पडली नसती. ते मिरजेतल्या आपल्याच वस्तीत वाढलेल्या, जयंतीला निळा फेटा बांधणाऱ्या मुलांच्या तोंडून येते. म्हणून हा लेख.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे जुगाराचे बहुतेक गुन्हे आजही १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली नोंदवले जातात. महात्मा फुले हयात होते, बाबासाहेबांचा जन्म व्हायचा होता, तेव्हाचा हा कायदा. त्याचे कलम १२ सार्वजनिक जागेत, रस्त्यावर जुगार खेळणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार पोलिसांना देते. कलम ४ अड्डा चालवणाऱ्यासाठी आहे. कलम ५ अड्ड्यावर सापडलेल्यांसाठी आहे, आणि त्यात एक गृहीतक आहे: जुगार सुरू असताना तिथे सापडलेला माणूस जुगारासाठीच आला होता असे मानले जाईल. तसे नव्हते हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. चहा द्यायला आलेल्या पोरानेही ते सिद्ध करायचे.

आता 'सार्वजनिक जागा' या शब्दाकडे नीट पाहा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बंगल्यातल्या दिवाणखान्यात पत्त्यांचा डाव रंगतो, पैसेही लावले जातात, घरातल्या बायका तो डाव कौतुकाने पाहतात. घरमालक त्यातून कट घेत नसेल तर त्याचे घर कायद्याच्या भाषेत अड्डा होत नाही. तेच पत्ते, तेवढेच किंवा त्याहून कमी पैसे घेऊन चार हमाल दुपारच्या सुट्टीत झाडाखाली बसले तर ती सार्वजनिक जागा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात त्यांच्याकडे दिवाणखाना कुठून येणार? त्यांचे जेवण, भांडण, बैठक आणि पत्ते सगळे रस्त्यावरच होते. म्हणजे कायदा पत्त्यांना जितके पकडतो तितकेच घर नसण्यालाही पकडतो.

याच कायद्यात जुगाराची व्याख्या करताना घोड्यांच्या शर्यतीला वेगळे काढले आहे. शर्यतीच्या दिवशी, परवानाधारकाने राखून ठेवलेल्या आवारात लावलेली पैज जुगाराच्या व्याख्येतच बसत नाही. शर्यतीच्या मैदानांना परवाने देण्यासाठी १९१२ चा स्वतंत्र कायदा आहे. मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात रेसकोर्सवर जे चालते ते यामुळे कायदेशीर आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या रेस क्लबच्या प्रकरणात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे सांगितले. घोडा कोणत्या वंशाचा, जॉकी कोण, आधीच्या शर्यतींत काय झाले याचा अभ्यास करावा लागतो, असा तो युक्तिवाद आहे. आम्हाला तो निकाल चुकीचा ठरवायचा नाही. पण आपल्या वस्तीत कल्याण मटक्याचे महिनोन्‌महिन्यांचे आकडे वहीत लिहून त्यातून 'लाईन' शोधणारे लोक आम्ही रोज पाहतो. त्यांचाही अभ्यास असतो. तो निरर्थक आहे हे खरे, कारण पत्त्याला स्मरणशक्ती नसते. तरी रेसकोर्सवर छापील पुस्तिका हातात घेऊन बसलेल्या किती जणांचा अभ्यास याहून खोल असतो?

मटका आला कुठून हे आपल्या तरुणांना फारसे ठाऊक नसते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येत. व्यापारी त्या भावांवर सौदे करत, आणि त्याच भावांच्या आकड्यांवर बाहेर लोक पैसे लावत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले आहेत. म्हणूनच त्याला आकडा म्हणतात. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणे बंद झाले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगतने आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. मडक्यातून चिठ्ठ्या, नंतर पत्त्यांच्या जोडातून तीन पाने, त्यांची बेरीज, बेरजेतला शेवटचा अंक. तो ओपन. संध्याकाळी किंवा रात्री तसाच क्लोज. हा धंदा पोसला मुंबईच्या गिरणगावाने. कोकणातून आणि घाटावरून, आपल्या सातारा-सांगलीकडून गेलेले गिरणी कामगार त्याचे गिऱ्हाईक होते.

एकच भाव. आत बाजारात त्यावर सौदा करणारा शेठ व्यापारी ठरतो. बाहेर फाटकापाशी त्याच्या शेवटच्या अंकावर चार आणे लावणारा कामगार जुगारी. व्यापाऱ्याच्या सौद्यामागे प्रत्यक्ष कापूस असतो, असे कोणी म्हणेल. काही सौद्यांमागे असतो. सांगली ही हळदीची पेठ, इथल्या लोकांना वायदे बाजार शिकवायची गरज नाही. हळकुंडही न पाहता हळदीत पैसे घालणारे आणि घालवणारे इथे पिढ्यान्‌पिढ्या झाले. आज शेअर बाजारातल्या फ्युचर्स आणि ऑप्शन्सबद्दल खुद्द सेबीचा अभ्यास काय सांगतो? २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. हे लोक मोबाईलवर खेळतात, त्यांना 'ट्रेडर' म्हणतात, त्यांना शिकवणी देणारे क्लास मिरज-सांगलीतही निघाले आहेत.

आता मटक्याचे गणित मांडू, कारण त्यावर भाबडेपणाने बोलून उपयोग नाही. अंक दहा आहेत. एका अंकावर एक रुपया लावला आणि तो आला तर सर्वसाधारण भावाने नऊ रुपये मिळतात. जोडी शंभर असतात, लागली तर नव्वद मिळतात. म्हणजे लोकांनी लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये बुकीकडे राहतात. रोज खेळणाऱ्याचे पैसे संपणारच, फक्त किती दिवसांत एवढाच प्रश्न. दुसरीकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकारने ऑनलाईन गेमिंग, कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतीवर लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी घेतला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये असल्या गोष्टींचा दर ४० टक्के केला. म्हणून मटका चांगला असे आम्ही म्हणत नाही. खेळणाऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने कायदेशीर आणि बेकायदेशीर यांतला फरक आपण समजतो तसा नाही, एवढेच म्हणतो.

हे काही आजचे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा सरकारी अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी, त्याच्या देखरेखीखाली चालावा, दुसरीकडे खेळणाऱ्याला १२ पण दंड, आणि जिंकलेल्या रकमेतले पाच टक्के राज्याचे. पाच टक्क्यांचे चाळीस झाले, रचना तीच राहिली: राजाच्या छपराखाली खेळ तो व्यवहार, छपराबाहेर खेळ तो गुन्हा. वैदिक आर्यांच्या समाजात जुगार किती मुरलेला होता यावर बाबासाहेबांनी सविस्तर लिहिले आहे. कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगांची नावे फाशांच्या दानांची नावे होती, याकडे त्यांनी लक्ष वेधले आहे. भर सभेत राज्य, भाऊ आणि बायको पणाला लावणारा त्यानंतरही धर्मराजच राहतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात मात्र जुगार आणि प्राण्यांवरच्या पैजा दोन्ही राजाने बंद कराव्यात असे आहे. (मनूचे ऐकायचे तर महालक्ष्मीचे मैदान आधी रिकामे करावे लागेल. तेवढे एक मनुवाद्यांनी कधी मनावर घेतले नाही.) आणि जुगाऱ्याला शारीरिक शिक्षा सांगणाऱ्या त्याच श्लोकात, त्याच दमात, द्विजांची चिन्हे धारण करणाऱ्या शूद्रालाही तीच शिक्षा सांगितली आहे. जुगारी कोण आणि पायरी सोडणारा कोण, हे दोन प्रश्न या व्यवस्थेने तेव्हाच एका ओळीत बसवले होते.

तथागतांनी गृहपतीचा मुलगा सिगाल याला केलेला उपदेश याच्याशेजारी ठेवून पाहा. जुगाराचे सहा दुष्परिणाम ते सांगतात. जिंकणारा वैर ओढवून घेतो, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, संपत्ती डोळ्यांदेखत जाते, सभेत त्याच्या शब्दाला वजन राहत नाही, मित्र त्याला तुच्छ मानतात, आणि बायकोला सांभाळू शकणार नाही म्हणून त्याला कोणी मुलगी देत नाही. यात शिक्षा नाही, वर्ण नाही, परवानाही नाही. ऐकणारा खात्यापित्या घरचा आहे. सभेतला शब्द कवडीमोल होतो हा चौथा परिणाम चळवळीत काम करणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. वस्तीच्या बैठकीत ज्याच्यावर उधारी आहे तो एजंटच्या विरोधात बोलत नाही, आणि निवडणुकीत एजंट कोणाचा असतो हे मिरजकरांना आम्ही सांगायला नको.

आता अलीकडच्या काळाकडे या. जुलै २०१८ मध्ये केंद्रीय विधी आयोगाने जुगार आणि क्रिकेटवरील सट्टेबाजीबद्दलचा २७६ वा अहवाल दिला. बंदी घालणे जमत नसेल तर नियंत्रण आणा, असे सांगताना आयोगाने जुगाराचे दोन वर्ग सुचवले. मोठ्या रकमांचा जुगार वरच्या उत्पन्न गटासाठी, लहान रकमांचा खालच्या उत्पन्न गटासाठी. खालच्याने वरच्या वर्गात यायचे नाही. सरकारी अनुदान घेणारे किंवा प्राप्तिकराच्या कक्षेत न येणारे यांना दूर ठेवावे, असेही म्हटले. हेतू संरक्षणाचा असेल. गरिबाचे घर लवकर बसते हे आम्हीही रोज पाहतो. तरी रेशनकार्डावरून जुगाराचे वर्ग पाडायची कल्पना वाचताना आपल्याला काही आठवत नाही का? कोणत्या पाणवठ्यावर कोणी यायचे हे ठरवून देणाऱ्या देशात जुगाराचे पाणवठेही वेगळे असावेत, असे कोणाला तरी अगदी सहज सुचले.

यापेक्षा मोठी गोष्ट ऑगस्ट २०२५ मध्ये घडली. संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये यात गमावतात, असा सरकारचा अंदाज तेव्हा सांगितला गेला. आणि खेळणाऱ्याचे काय? त्याला शिक्षा नाही. सरकारने स्पष्ट सांगितले की खेळणारा हा पीडित आहे, कारवाई खेळ चालवणाऱ्यांवर, त्याची जाहिरात आणि प्रसार करणाऱ्यांवर आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यांवर होईल.

आम्ही या भूमिकेचे स्वागत करतो. जुगारात बुडालेला माणूस पीडित असतो, हे आम्ही वस्तीत काम करताना केव्हापासून म्हणतो आहोत. प्रश्न एवढाच की ही करुणा मोबाईलपाशी का थांबली? मोबाईलवर रमीत पाच लाख घालवलेला नोकरदार पीडित, आणि टपरीवर दहा रुपयांचा आकडा लावलेला कंत्राटी सफाई कामगार कलम १२ चा आरोपी. दोघांच्या घरात रडणारी बाई तीच, विकलेले मंगळसूत्र तेच. एकाचा बँकेत पत्ता आहे, दुसऱ्याचा वस्तीत.

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेच्या सभागृहात तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर रमीचा डाव दिसणारा व्हिडिओ राज्याने पाहिला. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बंद करत होतो, असे त्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे मान्य करू. पण ते खरोखर खेळत असते तरी त्या दिवशीच्या कायद्याने तो बहुधा गुन्हा ठरला नसता, कारण रमी हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटले आहे. काही दिवसांत त्यांचे खाते बदलले आणि क्रीडा खाते आले. हा योगायोग विनोदी आहे, पण आमचे लक्ष दुसरीकडे जाते. झाडाखाली बसलेल्यांचा डावही रमीचा असेल तर कौशल्याचा तोच निकाल त्यांनाही लागू आहे. मात्र डाव रमीचा होता की तीन पानी हे पंचनामा ठरवतो, आणि पंचनामा वाचून सही करण्याइतका वेळ आणि धीर त्या चौघांपैकी कोणाकडे असतो?

समाजशास्त्र शिकताना हॉवर्ड बेकर वाचावा लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की विचलन हा कृतीचा गुणधर्म नसतो, इतरांनी त्या कृतीवर आणि माणसावर लावलेल्या शिक्क्याचा तो परिणाम असतो. वर्गात हे वाचताना गांजा ओढणाऱ्या अमेरिकन वादकांची उदाहरणे होती. वस्तीत ते समजायला एक चारित्र्य पडताळणीचा अर्ज पुरतो.

आणि इथे खरा फरक सुरू होतो. कायदेशीर आणि बेकायदेशीर जुगार खेळणाऱ्यांत फरक आहेच. पण तो खेळण्याआधी माणसात नसतो, खेळल्यानंतर तयार केला जातो.

पहाटे मैदानावर धावणारी आपली मुले पोलीस भरतीची तयारी करतात. भरतीच्या अर्जात दाखल गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. लपवली तर झालेली निवडही रद्द होऊ शकते. अशा मुलाला छाप्यात उचलले की कोणीतरी जाणता माणूस सल्ला देतो, 'गुन्हा कबूल कर, दंड भर आणि सुट. किरकोळ केस हाय.' तो दंड भरतो, घरी येतो, विसरतो. पण गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे दोषी ठरणे. दोनशे-तीनशे रुपयांत मोकळे झालो असे वाटते ती खरी शिक्षा नसतेच. ती दोन वर्षांनी पडताळणीच्या वेळी समोर येते. रेसकोर्सवर पगार उडवलेल्याच्या चारित्र्यावर असली नोंद कधी होत नाही.

त्यात १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता आहे. तिच्या कलम ११२ मध्ये 'लहान संघटित गुन्हा' अशी नवी संज्ञा आली, आणि टोळीच्या सदस्याने केलेल्या चोरी, पाकीटमारीच्या जोडीला अनधिकृत सट्टा आणि जुगारही त्यात घातला. शिक्षा किमान एक वर्ष, जास्तीत जास्त सात वर्षे. 'अनधिकृत' हा शब्द वाचा. परवाना असेल तर हजार माणसे मिळूनही टोळी होत नाही. महिन्याला चार-पाच हजारांसाठी चिठ्ठ्या लिहिणारा बारावी नापास पोरगा मात्र टोळीचा सदस्य ठरू शकतो. मालक कोण, पैसा वर कुठे जातो, हे त्या पोरालाही माहीत नसते.

कर्जाचे तसेच. मोबाईलवर खेळणारा लोन अ‍ॅपच्या तावडीत जातो, तेही भयंकर आहे आणि त्यातून आत्महत्या झाल्या आहेत. तरी त्याच्या व्यवहाराचा माग राहतो. तक्रार करता येते, बँकेचा उतारा दाखवता येतो. मटक्याची उधारी तोंडी असते. एजंट आज आकडा लिहून घेतो, पैसे शनिवारी मागतो, आणि शनिवारी नसतील तर सावकार दाखवतो. अशा सावकाराविरुद्ध तक्रार करायची तर पैसे कशासाठी घेतले हे सांगावे लागेल, आणि ते सांगणे म्हणजे स्वतःचा गुन्हा सांगणे. बायको पोलिसांत जात नाही, कारण नवराच आत जाईल आणि रोजगार बुडेल. मग ती बचत गटातून उचलते, गटाचा हप्ता थकला की मायक्रोफायनान्समधून उचलते. एकाने लावलेल्या आकड्याचे हप्ते ती तीन ठिकाणी फेडत बसते. धुणीभांडी करणाऱ्या, दवाखान्यांत आया म्हणून राबणाऱ्या कितीतरी भगिनी हे हप्ते फेडत आहेत.

उपचारांचे काय? जुगाराचे व्यसन हा आजार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात त्याला दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांशेजारी बसवले, जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरणही त्याला विकार मानते. मिरजेसारख्या, आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून रुग्ण येणाऱ्या शहरात याच्या उपचारासाठी लांब जावे लागू नये. पण दारू सोडवायला माणसाला दवाखान्यात नेतात तसे मटका सोडवायला नेलेला माणूस आम्हाला क्वचित भेटतो. दारुडा स्वतःला आजारी म्हणू शकतो. मटका खेळणारा स्वतःला गुन्हेगार समजतो, आणि गुन्हेगार डॉक्टरकडे जात नाही, लपतो. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि त्यावर नावगाव न विचारता जुगाराबद्दल बोलता येते, हे वस्तीतल्या प्रत्येक फलकावर लिहायला हवे.

मग मटकाही कायदेशीर करा म्हणता का, असा प्रश्न येईल. नाही. शेजारच्या गोव्याकडे पाहा. १९७६ च्या तिथल्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांना आणि पुढे मांडवीतल्या जहाजांना कॅसिनोची वाट मोकळी केली. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई केली. म्हणजे हे विष आहे याची सरकारला पूर्ण कल्पना आहे. आपल्या मतदाराला नको, पाहुण्याला विका. आणि एवढे करून तिथला मटका बंद झाला नाही. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अंमलातच आला नाही, २०२३ मध्ये रद्द करण्यात आला, आणि ते बरे झाले. राज्याची लॉटरी मात्र १२ एप्रिल १९६९ पासून आहे. परवाना दिल्याने जुगार सज्जन होत नाही, फक्त गल्ला सरकारकडे वळतो.

संविधान सभेत सप्टेंबर १९४९ मध्ये हा विषय निघाला होता. राज्यांच्या सूचीतून सट्टा आणि जुगार ही नोंद काढून टाका, गांधींच्या देशाच्या संविधानात हा शब्दच नको, असा काही सदस्यांचा सूर होता. बाबासाहेबांनी उत्तर दिले ते वकिलाचे आणि राज्यकर्त्याचे. नोंद ठेवली म्हणजे राज्यांनी जुगाराला परवानगी द्यावी असा अर्थ होत नाही. तिच्या आधारे परवानगीही देता येईल आणि बंदीही घालता येईल. नोंद काढली तर राज्ये या बाबतीत हतबल होतील. शब्द लपवून वास्तव लपत नाही, हे त्यांना माहीत होते. आज सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीची ३४ वी नोंद आहे ती ही. बाबासाहेबांनी दोन्ही पर्याय राज्याच्या हाती दिले आणि जबाबदारीही दिली. राज्याने काय केले? दोन्ही पर्याय एकाच वेळी वापरले. परवानगी एका वर्गाला, बंदी दुसऱ्याला.

आता आपल्या चळवळीबद्दल. मिरजेत मटका सगळ्या जातीधर्मांचे लोक खेळतात, हे आधी स्पष्ट करू. मराठा, मुस्लिम, लिंगायत, ब्राह्मण, कोणी सुटलेले नाही. त्यामुळे 'आमचे लोक जुगारी' हा न्यूनगंड सोडा आणि 'आमच्याच लोकांना पकडतात' एवढेच म्हणूनही थांबू नका. मोबाईलवरून आकडा पाठवणारा दुकानदार दिसत नाही, टपरीवर उभा राहणारा दिसतो, म्हणून तो सापडतो. आपल्या संघटना प्रांत कार्यालयात, पोलीस ठाण्यात निवेदने देतात: वस्तीतील मटका-जुगार अड्डे बंद करा. निवेदन योग्यच आहे, त्यामागे माताभगिनींचा आक्रोश आहे. पण त्यातली भाषा मोघम असेल तर पुढच्या आठवड्यात छापा पडतो, सात-आठ खेळणारे उचलले जातात, बातमी येते, आणि पंधरा दिवसांनी तीच टपरी, तोच एजंट किंवा त्याचा मेहुणा.

म्हणून आमचे म्हणणे असे. निवेदनात कलम लिहा. कारवाई अड्डा चालवणाऱ्यावर, म्हणजे कलम ४ खाली मागा. मागच्या वर्षभरात किती छाप्यांत खेळणारे पकडले आणि किती गुन्ह्यांत बुकीपर्यंत तपास गेला, हे माहितीच्या अधिकारात विचारा; आकडा आपणही लावूया, पण हा. ऑनलाईन खेळणाऱ्याला २०२५ च्या कायद्याने जी वागणूक दिली ती टपरीवरच्या खेळणाऱ्याला मिळावी यासाठी १८८७ च्या कायद्यात दुरुस्ती करा, ही मागणी आमदारांकडे घेऊन जा. मिरज विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. ही मागणी विधिमंडळात मांडायला यापेक्षा योग्य जागा कोणती?

आणि छाप्यात आपला मुलगा सापडला तर त्या रात्री 'कबूल कर आणि सुट' म्हणणाऱ्याला थोडे थांबवा. जुगार कायद्याचे कलम १२ (अ) पोलिसांना अटकेचा अधिकार देते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ (अ) अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील देते. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींमधील बौद्धही त्यात येतात. सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यायचा असतो, सोबत जातीचा दाखला आणि गुन्ह्याचा क्रमांक. आधी वकिलाशी बोलणे, पंचनाम्याची प्रत पाहणे, जागा खरोखर सार्वजनिक होती का आणि डाव कशाचा होता हे विचारणे, मग कबूल करायचे की लढायचे ते ठरवणे. अर्ज लिहायला कोणी नसेल तर रविवारी अभ्यासवर्गाला या, तिथे बसून लिहू.